डाळिंबी इरकल आणि दोन कुर्ते

पत्राचा सारांश:
सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ६४ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचं आमच्या सल्ल्याच्या सदराला आलेलं हे पत्र. नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, कायम सहावारी साडीत. तीन वर्षांपूर्वी पती वारले. गुडघे दुखतात. मागच्या वर्षी जिन्यात निऱ्या पायात येऊन त्या पडता पडता वाचल्या. हे ऐकून पुण्याच्या सुनेने दोन सुती कुर्ते आणि पँट आणून दिल्या. पुण्यात महिनाभर त्या रोज ते घालून फिरायला गेल्या, 'फार हलकं वाटलं' असं लिहितात. गावी परतल्यावर तोच कुर्ता घालून बँकेत गेल्या आणि बोलणी सुरू झाली. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी होते तोवर नव्हती कधी ही थेरं." फॅमिली ग्रुपवर फोटो गेला, तर मुलाने लिहिलं, "आई, तू साडीतच आई वाटतेस." नातेवाइकांत 'सुनेनं बिघडवलं' अशी चर्चा झाली. बंगळूरची मुलगी उलट म्हणते, "सगळ्या साड्या वाटून टाक, जीन्स घाल." शाळेत असताना एक नव्या शिक्षिका ड्रेस घालून आल्या, तेव्हा आपणच त्यांना चार शब्द सुनावले होते, तेही आता आठवतं. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. जाऊबाईंनी निरोप पाठवलाय, साडी नेसून या आणि रंग जरा फिका असू द्या. यजमानांनी सोलापूरहून आणलेली डाळिंबी इरकल कपाटात तशीच पडून आहे, तिचा फॉलही सुटलाय. 'या वयात मला हे शोभतं का? घरात वाद नकोत. काय करू?' असं त्या विचारतात.

प्रिय ताई,

तुमच्या चार पानांतली साडेतीन पानं ड्रेसबद्दल आहेत. फिक्या रंगाची गोष्ट शेवटी एका ओळीत, जाता जाता आली आहे. माझं बोट त्या ओळीवरच अडलं. तिथे मी येणार आहे, पण आधी गुडघे.

माझी आई ७२ वर्षांची असताना मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. तिला अंघोळ घालायची पाळी पहिल्यांदा माझ्यावर आली. परकराच्या नाडीने तिच्या कमरेभोवती काळा वळ पडला होता, बोटभर रुंद, आणि उजव्या बाजूला, जिथे गाठ यायची तिथे, कातडी जाड आणि खरखरीत झाली होती. पन्नासहून जास्त वर्षं रोज आवळलेली ती गाठ. मी विचारलं, "आई, हे दुखत नाही?" ती म्हणाली, "सगळ्यांनाच असतं गं." तिने कधी आपल्या अंगाकडे तक्रार म्हणून पाहिलंच नव्हतं. तुम्हीही आज रात्री परकर सैल करताना कमरेवरून एकदा हात फिरवून बघा.

२०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात दोन म्हाताऱ्या बायकांची हकिगत मांडली. दोघींनाही कमरेच्या त्याच जागी न भरणारी जखम झाली होती आणि तपासणीत ती कर्करोगाची निघाली. एक परकरावर साडी नेसणारी, दुसरी वर्षानुवर्षं लुगडं नेसलेली. असं फार क्वचित होतं, घाबरून जाऊ नका. पण नाडीच्या जागी खाज, जखम, चिरा असतील आणि दोनतीन आठवड्यांत बऱ्या होत नसतील, तर हळद लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ज्यांना साडीच नेसायची आहे त्यांनी नाडीच्या जागी रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्यावा, गाठ रोज त्याच जागी येऊ देऊ नये, आणि घरात असताना ती सैल ठेवावी.

आणि जिना. तुम्ही 'पडता पडता वाचले' असं एका वाक्यात लिहून पुढे गेलात. माझी आई मात्र पडलीच, तेव्हाच तिचं हाड मोडलं. हातात बादली, पायात निऱ्या आणि तीन पायऱ्या, एवढंच पुरलं. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते ना, जिला आपण साडी गार्ड म्हणतो? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती सक्तीची केली आहे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. गाडी बनवणाऱ्यांना जे सुचलं, ते घरातल्या माणसांना आईच्या जिन्याबद्दल सुचायला हरकत नव्हती.

आता 'शोभतं का' या तुमच्या शब्दाकडे येते. शोभणं हे बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं. तुम्ही हा प्रश्न जाऊबाईंना, मुलाला, मुलीला आणि आता मलाही विचारलात. आमच्यापैकी कोणीही तुमचे गुडघे घेऊन जिना चढत नाही. झेपतं का, सोयीचं आहे का, घातल्यावर बरं वाटतं का, हे प्रश्न तुम्ही स्वतःला विचारू शकता, आणि त्यांची उत्तरं तुमच्या पत्रातच आहेत. 'फार हलकं वाटलं' हे तुमचेच शब्द.

आणखी एक बघा. तुमच्या आळीत गाऊन घालून, वर ओढणी नाहीतर टॉवेल टाकून दारात भाजी घेणाऱ्या किती बायका आहेत? तुमच्या जाऊबाईही त्यात असतील. गाऊन ना आपल्या आजीने घातला, ना पणजीने. तो आला, सोयीचा वाटला आणि रुळला. माझी आजी सांगायची, ती नऊवारी सोडून पहिल्यांदा गोल पातळ, म्हणजे सहावारी, नेसली तेव्हा तिच्या सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या. 'पाय मोकळे सोडून हिंडते' हा आरोप होता. ज्या सहावारीला आज तुमच्याकडे परंपरा म्हणतात, तिच्याबद्दलचा हा आरोप! अगदी शाळेचंच घ्या. २०२४ च्या मार्चमध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल परिपत्रक काढलं. शिक्षकांनी काय घालावं हे सरकारने सांगावं का, यावर माझं मत वेगळं आहे. पण त्या परिपत्रकातही बाईंसाठी साडीच्या शेजारी सलवार किंवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टा आहे. नोकरीतल्या बाईला वर्गात जे चालतं, ते निवृत्त बाईला बँकेत का चालू नये?

तुमच्या मुलाचं वाक्य मी बराच वेळ मनात घोळवलं. "तू साडीतच आई वाटतेस." ऐकायला गोड आहे आणि टोचणारंही आहे, कारण त्याचा दुसरा अर्थ 'कुर्त्यात तू आई वाटत नाहीस' असा होतो. तो वाईट मनाने बोलला नसावा. तीन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. घरी गेल्यावर दारात साडीतली आई दिसणं, एवढी एकच गोष्ट त्याच्यासाठी बदलायची राहिली असेल. त्याचं दुःख खरं आहे. पण ते सांभाळायला तुम्ही रोज निऱ्या घालून जिना चढायचा, हा त्यावरचा उपाय नाही. त्याच्याशी ग्रुपवर बोलू नका, फोनवर किंवा समोर बसून बोला. "अरे, सकाळी पाणी आलं की मला वर टाकी बघायला जावं लागतं. निऱ्या पायात येतात. म्हणून मी घरात आणि बाहेर जाताना कुर्ता घालणार आहे. तुला साडीत बघायला आवडतं हे मला माहीत आहे, सणावाराला मी नेसेनच." बस्स. यात 'घालू का?' कुठेही येऊ देऊ नका. विचारलं की समोरच्याला होय-नाही म्हणावं लागतं, आणि माणसं सवयीने नाही म्हणतात. सांगितलं की बहुतेक वेळा ती फक्त ऐकून घेतात.

सुनेबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुमच्या पत्रात मला खटकलेली हीच एक जागा आहे. तिने तुमची तक्रार ऐकली, दुकानात जाऊन तुमच्या मापाचे कपडे शोधले, आणि 'बिघडवलं' हा शिक्का तिच्यावर बसला तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. वाद नको म्हणून गप्प राहिलात हे कळतं, पण तुमचा वाद तिच्या वाट्याला गेला. ज्या ग्रुपवर फोटो गेला तिथेच दोन ओळी लिहा: 'हे कपडे मी माझ्या मर्जीने घालते. माझे गुडघे दुखतात हे फक्त हिच्या लक्षात आलं.' पुढे कोणी काही लिहिलं तर उत्तर देऊ नका. सासवा-सुनांच्या कितीतरी घरांत, बाईने स्वतःसाठी काही ठरवलं की ते दुसऱ्या बाईच्या नावावर मांडलं जातं. तिला स्वतःचं मन असेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

मुलगी तुमच्या बाजूने बोलते असं तुम्हाला वाटतं. ती प्रेमाने बोलते, यात शंका नाही. पण 'सगळ्या साड्या वाटून टाक' हा सुद्धा हुकूमच आहे. बहुतेक तिला तिच्या सासरी किंवा ऑफिसात स्वतःच्या कपड्यांवरून काही सोसावं लागलं असेल आणि ती लढाई ती तुमच्याकडून जिंकून घेऊ पाहते. तुम्हाला साडी आवडते. पत्रात साड्यांची नावं तुम्ही माणसांच्या नावासारखी घेतली आहेत. साडी शत्रू नाहीच. माझी आत्या ७८ वर्षांची आहे, काष्टा घालून नऊवारीत अजून शेताच्या बांधावरून चालते. तिला कोणी कुर्ता दिला तर तीच अवघडून जाईल. साडी नेसणारी मागासलेली आणि ड्रेस घालणारी सुधारलेली, हे मापच मला मान्य नाही. सोमवारी कुर्ता आणि गुरुवारी साडी असंही असू शकतं. कोणालाही एकदाच कायमचं उत्तर द्यायची गरज नाही.

आता त्या एका ओळीकडे. फिका रंग.

ताई, तुम्ही ही दोन दुखणी एका गाठोड्यात बांधली आहेत. ड्रेसचा प्रश्न गुडघ्यांचा आणि सवयीचा आहे. रंगाचा प्रश्न तुमच्या वैधव्याचा आहे, आणि तो कोणी उघड बोलत नाही, म्हणून तुम्हीही एका ओळीत उरकलात. 'भाऊजी होते तोवर नव्हती ही थेरं' या वाक्यातही तेच आहे. नवरा गेल्यावर बाईने काही नवं केलं की ती जणू त्याच्या जाण्याची वाटच बघत होती, असा त्याचा अर्थ निघतो. तो अर्थ काढणं क्रूर आहे आणि तो मनाला लावून घेऊ नका. तुमचे गुडघे दुखू लागले आणि त्याच काळात यजमान गेले, इतकंच घडलं आहे.

विधवेच्या रंगाचा नियम किती पक्का आहे ते बघा. आपल्याकडे, विशेषतः ब्राह्मण घरांतून, केशवपन केलेल्या सोवळ्या बायकांना आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, नेसावं लागे आणि ते लाल असे. तोच रंग, ज्याला आज 'आता तुम्हाला नको' म्हणतात. पणजीला लाल सक्तीचा होता आणि पणतीला लाल वर्ज्य. रंग कोणताही असो, तो तिने निवडायचा नाही, एवढाच नियम दोन्हीकडे सारखा राहिला. आणि तो मोडायला सुरुवातही आपल्याच मातीत झाली आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्यापासून हेरवाड फार लांब नाही. ठरावाने मनं एका दिवसात बदलत नाहीत हे खरं, पण जाऊबाई 'आपल्याकडे असंच असतं' म्हणतील तेव्हा 'आपल्याकडे' मध्ये हेरवाडही येतं, हे लक्षात ठेवा.

जाऊबाईंचा मात्र तुम्ही थोडा वेगळा विचार करावा असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय, त्या ४६ व्या वर्षी एकट्या पडल्या आणि तेव्हापासून राखाडी, बदामी, फिका निळा यापलीकडे गेल्या नाहीत. म्हणजे २५ वर्षं. आज तुम्ही डाळिंबी नेसून मांडवात आलात आणि आभाळ कोसळलं नाही, तर त्यांनी ती २५ वर्षं कशासाठी काढली, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहील. त्यांचा निरोप मला हुकमापेक्षा भीतीसारखा ऐकू येतो. लग्नाआधी एकदा दुपारी त्यांच्याकडे जा. चहा घ्या. काय नेसणार आहात ते सांगून टाका, ऐनवेळी मांडवात त्यांना धक्का बसू देऊ नका. आणि विचारा, त्यांच्या स्वतःच्या लग्नाआधी त्यांना कोणता रंग आवडायचा. त्या चिडतील किंवा रडतील, किंवा 'काहीतरीच काय' म्हणून विषय बदलतील. विचारलेलं मात्र वाया जाणार नाही.

तुमच्यासारखी पत्रं मला वरचेवर येतात, म्हणून कपड्यांचं थोडं बोलते, ते बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. गुडघ्याखालपर्यंत कुर्ता, बाजूला पुरेसा कट, घोट्याच्या वर संपणारी सरळ पँट, आणि कमरेला नाडीऐवजी सैल इलॅस्टिक. पलाझो छान दिसतो, पण जमिनीला टेकणारा असेल तर निऱ्यांइतकाच पायात येतो. खांदा आखडलेला असेल तर डोक्यातून घालायचा कुर्ता नको, पुढून बटणं असलेला शिवा, ब्लाउजलाही हुक पुढेच ठेवा. दोन्ही बाजूंना खोल खिसे मागून घ्या. शिंपी 'बायकांच्या कुर्त्याला कशाला' म्हणतील, तरी मागा. चष्मा, मोबाइल, किल्ली खिशात गेली की जिन्यात कठड्याला धरायला हात मोकळा राहतो. ओढणी घ्यायचीच असेल तर आखूड घ्या आणि पिन लावा. लघवीला घाईने जावं लागणं ही या वयातली कितीतरी बायकांची अडचण असते आणि त्या कोणालाही सांगत नाहीत. अशा वेळी रात्री आणि प्रवासात सुटसुटीत कपडे हा फार मोठा आधार असतो. साडी हवी पण निऱ्या सांभाळणं नको, असं असेल तर शिवलेली साडी मिळते. घरातल्याच साडीला शिंपी निऱ्या शिवून पट्टा लावून देतो.

तुम्हाला पेन्शन आहे, घर तुमच्या नावावर आहे, म्हणून मी 'सांगा, विचारू नका' म्हणू शकते. ज्या बायकांचं औषधपाणीही मुलाच्या हातात आहे, त्यांना हे इतकं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. त्यांनी घरात अंगण झाडताना, पहाटे फिरायला जाताना अशी सुरुवात करावी. आळीतल्या दोघीतिघींनी एकदम सुरुवात केली तर बोलणाऱ्यांची तोंडं लवकर दमतात. डॉक्टरांना घरच्यांसमोर सांगायला लावणं हाही एक मार्ग आहे आणि तो बहुतेक चालतो. माझं मन मात्र त्याने पूर्ण भरत नाही. बाईला तिच्या मनासारखं नेसायला आजारपणाची चिठ्ठी लागावी, हे मला बोचतं.

त्या नव्या शिक्षिकेबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्याबद्दल मला तुमचा आदर वाटला. फारच कमी माणसं स्वतः होऊन हे सांगतात. त्या आज कुठे आहेत हे तालुक्यात कोणालातरी माहीत असेलच. नंबर मिळवा आणि फोन करा. मोठी माफी वगैरे नको. "मी तुम्हाला तेव्हा बोलले ते चुकलं, आता मीच ड्रेस घालते" एवढं म्हटलंत तरी पुरे. जाऊबाईंचं बोलणं किती लागलं हे तुम्हाला आता ठाऊक आहे, म्हणून हा फोन तुम्हाला जड जाणार नाही.

राहिलं लग्न. तुम्ही लग्नात काय नेसावं हे मी ठरवणार नाही, पण पत्रात तुमचं मन कुठे अडकलंय ते दिसतं. कुर्त्यांबद्दल तुम्ही सोय लिहिली आहे. इरकलीबद्दल लिहिताना टोपपदर, काठ, आणि ती घेताना यजमानांनी दुकानदाराशी घातलेली हुज्जत, सगळं लिहिलंय. त्यांनी आणलेली साडी, ते नाहीत म्हणून नेसायची नाही, हे तुम्हाला स्वतःला पटत असेल तर नका नेसू. पटत नसेल तर नेसा. मांडवात तीनचार तास बसायचं आहे, नाडी सैल ठेवा, निऱ्या घोट्याच्या जरा वर घ्या, पायात सपाट चप्पल घाला, आणि पिशवीत एक कुर्ता असू द्या, पंगत उठली की बदलता येईल. फॉल मात्र या आठवड्यातच लावून घ्या. लग्नसराईत फॉल-बिडिंगवाल्या बायका पंधरा-पंधरा दिवस साडी परत देत नाहीत.

तुमची,
सदरातली ताई